ओझं घातल्यावर

"वाजलं का गं?" बाबांनी ओटीवरून विचारलं.

नव्हतं वाजलं. मी स्टीअरिंगमागे बसले होते, इंजिन बंद, किल्ली फिरवलेली, गिअर टॉपमध्ये. स्टीअरिंगच्या खांबावरची ओव्हरड्राइव्हची ती चिमुकली दांडी मी खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. बॉनेटच्या बाजूने बारीकसा "टिक्" आला. पायाखालून जो दणकट "टक्" यायला हवा, तो आला नाही. गणपती होऊन गेले होते, आश्विनातलं ऊन खळ्यात सरळ उतरत होतं आणि आमची १९५४ सालची स्टँडर्ड व्हॅनगार्ड चिऱ्याच्या दोन ओट्यांवर चढवून ठेवलेली होती. खड्डा खणून गाडीखाली जायची सोय देवगडात करता येत नाही असं नाही, पण पावसाळ्यात त्याची विहीर होते. म्हणून बाबांनी चिऱ्याचे ओटे बांधून घेतले. चिरा पाणी पितो, वाळतो आणि गाडीचं वजन मुकाट सोसतो.

बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मुंबईला गोदीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९७६ साली एका कुटुंबाने भंगारात काढलेली ही गाडी त्यांनी घेतली, दोन वर्षं रोज संध्याकाळी तिच्यापाशी बसून ती चालती केली, आणि निवृत्त झाल्यावर तीच चालवत गावी आले. मुंबई ते देवगड चारशे किलोमीटरहून जास्त. त्या प्रवासात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल तर ओव्हरड्राइव्हचं. मी तेव्हा कॉलेजात होते. पुढे कणकवलीला ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं, आता घरी असते.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. व्हॅनगार्डला पुढे जायचे तीनच गिअर. इंजिन २०८८ सीसीचं, चार सिलिंडरचं, अंगापिंडाने जाड. याच घराण्यातलं इंजिन फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरला होतं आणि ट्रायम्फच्या टीआर टू या स्पोर्ट्स गाडीलाही. अशा इंजिनाला सावकाश, खोल श्वास घेत धावायला आवडतं. पण तिसऱ्या गिअरवर सपाट रस्त्याला वेग घेतला की ते गुरगुरायला लागतं. तिथे ओव्हरड्राइव्ह कामाला येतो. गिअरबॉक्सच्या पाठीला जोडलेली ही एक वेगळी पेटी. आत मध्ये एक सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रं आणि सगळ्यांना कवेत घेणारं दातेरी कडं. एरवी सगळं एकजीव होऊन फिरतं. दांडी टाकली की तेलाच्या दाबाने एक शंकूच्या आकाराचा क्लच पुढे सरकतो आणि सूर्यचक्राला जागच्या जागी धरून ठेवतो. सूर्य थांबला की ग्रह त्याच्याभोवती धावतात आणि बाहेरच्या कड्याला इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरवतात. गाडीचा वेग तोच राहतो आणि इंजिनाचे फेरे सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरतात. एडगर द नॉर्मनव्हिल या इंग्रज संशोधकाची ही करामत, शेफिल्डच्या लेकॉक कंपनीने ती बनवली. १९५० पासून व्हॅनगार्डला ती जादा पैसे देऊन मिळू लागली. पुढे ट्रायम्फ, जग्वार, ऑस्टिन-हीली, एमजी, व्होल्वो, कितीतरी गाड्यांच्या पोटात हीच पेटी गेली. क्लच दाबायला नको, गिअर हलवायला नको. बाबा म्हणतात, "गाडी सुस्कारा टाकते आणि पुढे जाते." मला याहून नेमकं वर्णन सुचलेलं नाही.

तेलाचं काम तेल करतं, पण त्याला "आता" म्हणून सांगणारी वीज असते. आमचा घोटाळा त्या विजेत होता.

विजेची वाट अशी. दांडीतून निघालेला करंट आधी गिअरबॉक्सवरच्या एका स्विचमधून जातो. हा स्विच ठरावीक गिअरमध्येच वाट मोकळी करतो. पहिल्यात नाही, आणि रिव्हर्समध्ये तर कधीच नाही. तिथून करंट रिलेकडे. इथपर्यंतचा करंट किरकोळ. रिले म्हणजे निरोप्या: हलका निरोप घेतो आणि बॅटरीकडून आलेली जाड वायर सोलेनॉइडला जोडून देतो. सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारा चुंबक, मुठीएवढा, ओव्हरड्राइव्हच्या कुशीला बसवलेला. त्याच्या आत एक नव्हे, दोन कॉईल आहेत. एक ताकदीची: सतरा-अठरा अँपिअर करंट ओढते, दांडा खेचून तेलाचा व्हॉल्व्ह उघडते. दांडा पुरता आत गेला की तोच आतला एक कॉन्टॅक्ट उचलतो आणि ताकदीची कॉईल बंद पडते. मग दुसरी, सौम्य कॉईल एखाद्या अँपिअरवर दांडा नुसता धरून ठेवते. उचलायला पैलवान आणि धरून बसायला म्हातारा, अशी वाटणी. सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर ही युक्ती मांडली, तिचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

रिव्हर्सबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण बाबांनी ती मला गाडी शिकवताना क्लच-ब्रेकच्याही आधी सांगितली होती. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी मागे घ्यायची नाही. आत रोलरांचा एक क्लच असतो, तो एकाच दिशेला मोकळा फिरतो. उलट फिरवला की अडकतो. तिकडे सूर्यचक्र धरून ठेवलेलं, इकडे रोलर अडकलेले, म्हणजे एकाच वेळी दोन वेगवेगळ्या हिशेबांनी फिरायची सक्ती. मग काहीतरी फुटतंच. म्हणून मधला तो स्विच. पण स्विच विजेला थांबवतो, अडकून बसलेल्या दांड्याला थांबवू शकत नाही. कोकणातल्या आमच्या रस्त्यांवर समोरून एसटी आली की दहापैकी चार वेळा कुणीतरी मागे जावंच लागतं. बाबा अशा वेळी दांडी वर करायचे, पायाखालून परत "टक्" ऐकायचे, मनात पाच आकडे मोजायचे आणि मगच रिव्हर्स टाकायचे. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न मारत राहिला तरी.

तर तो "टक्" गेल्या दोन वर्षांपासून यायचा बंद झाला होता. आधी कधीतरी यायचा, कधीतरी नाही. गाडी गरम असली की नाही, सकाळी थंडाव्यात कधी कधी. मी शहरातल्या एका गॅरेजला गाडी नेली. त्यांनी मीटर लावला, सोलेनॉइडच्या टोकाला बारा व्होल्ट येतात म्हणाले, म्हणजे सोलेनॉइडच गेला. परदेशातून नवा मागवला. तो बसवला, दोन वेळा "टक्" वाजला, तिसऱ्या वेळी गाडीत जळक्या वार्निशचा वास भरला. नवा सोलेनॉइड काळा पडला होता. माल खोटा निघाला, दुसरा मागवू, असं मला सांगण्यात आलं. मी गाडी घेऊन परत आले. पैशांपेक्षा मला त्या वासाचा राग आला. जळलेल्या कॉईलचा वास ज्याने एकदा घेतला आहे तो ओळखतो. कुणीतरी विचार न करता वीज वापरली, असा तो वास असतो.

बाबांनी जुना सोलेनॉइड फेकू दिला नव्हता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवला होता. मी त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजला. साध्या मीटरवर इतका कमी आकडा धड कळत नाही, मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो. म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून त्यांचा आकडा घेतला आणि तो वजा केला. उरला ०.७ ओहम. बारा भागिले ०.७ म्हणजे सतरा अँपिअर. बरोबर जितका हवा तितकाच. जुना सोलेनॉइड ठणठणीत होता. जो भाग कधी बिघडलाच नव्हता तो आम्ही बदलला होता.

मी तो परत बसवला, दांडी टाकली. टिक् आला, टक् नाही.

त्या संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी आला. बंदरावर बोटींच्या वायरिंगची कामं करतो, बॅटऱ्या, दिवे, फिश फाइंडर, वायरलेस. आंब्याच्या कलमांचं काहीतरी विचारायला आला होता, मला गाडीखाली पाहून तोही आत सरकला. मी त्याला मीटर दाखवला. सोलेनॉइडची वायर काढलेली, तिच्या टोकाला मीटर, समोर १२.४ व्होल्ट. "बघ, वीज येतेय."

तो म्हणाला, "बाईनू, मीटराक करंट लागता तरी कितको? तेच्यावर ओझा घाला, मगे खरा-खोटा कळात."

मी मीटरकडे बघत राहिले. डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स दहा मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम. १२.४ व्होल्टला त्यातून जाणारा करंट सव्वा मायक्रोअँपिअर. एवढ्याशा करंटला मधे अर्धा ओहमचा अडथळा असला काय आणि हजार ओहमचा असला काय, मीटर १२.४ च दाखवणार. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. करंटच नाही तर अडथळ्यावर काही पडतच नाही. हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं, बारावीला सेलच्या अंतर्गत रेझिस्टन्सचं गणित सोडवताना तर दरवर्षी. फळ्यावरचं ते गणित आणि चिऱ्याच्या ओट्यांमधला हा अंधार यांना जोडणारी वायर त्या मुलाच्या हातात होती.

ओझं म्हणून त्याने पिशवीतून हेडलाइटचा जुना बल्ब काढला, पंचावन्न वॅटचा, दोन वायरी सोल्डर केलेल्या. आधी थेट बॅटरीवर लावला. पांढरा लख्ख. मग सोलेनॉइडच्या वायरीवर लावला आणि मला दांडी टाकायला सांगितली. पेटला, पण पिवळट, आजारी माणसाच्या डोळ्यांसारखा. मीटरला जे दिसलं नव्हतं ते बल्बने एका क्षणात दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नीट मापं घेतली. सोलेनॉइड जोडलेला ठेवायचा, मी दांडी टाकायची, "एक, दोन" म्हणेपर्यंत त्याने आकडा वाचायचा आणि मी दांडी उचलायची. जास्त वेळ नाही. कारण दांडा अर्धवट अडकला तर ताकदीची कॉईल बंद होत नाही आणि ती भाजू लागते. आणखी एक जपायचं होतं. या गाडीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं आहे, मायनस नाही. त्या काळच्या इंग्रज गाड्यांची रीतच तशी होती. बाबांनी बॅटरीशेजारी लाल रंगात मोठ्ठं अधिकचं चिन्ह काढून ठेवलंय, कुणी सवयीने उलटं जोडू नये म्हणून.

आकडे असे आले. ओझं असताना बॅटरीवर १२. सोलेनॉइडच्या दोन टोकांत फक्त ७. म्हणजे पाच व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होते. करंट दहा अँपिअरच्या आसपास. सात गुणिले दहा, सत्तर वॅट. माझं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं आहे आणि त्यावर शिसं पाण्यासारखं वाहतं. त्या मुठीएवढ्या डबीत सत्तर वॅट सतत! दांड्याला पुरतं खेचायला सात व्होल्ट कमी पडत होते, दांडा पुरता गेला नाही म्हणून कॉन्टॅक्ट उचलला गेला नाही, कॉन्टॅक्ट उचलला नाही म्हणून पैलवान ओझं डोक्यावर घेऊन तसाच उभा राहिला आणि जळून गेला. नवा सोलेनॉइड असा मेला. जुना अजून जिवंत होता तो केवळ बाबांच्या कानामुळे. टक् आला नाही की ते लगेच दांडी वर करायचे.

आता पाच व्होल्ट शोधायचे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सोलेनॉइडच्या टर्मिनलला: ओझ्याखाली ३.४. म्हणजे एवढे येणाऱ्या वायरीत गेले. मग एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं सोलेनॉइडच्या अंगाला: १.६. एवढे परतीच्या वाटेत. दोन वेगळे बिघाड होते, आणि दोघांतला एकच असता तर कदाचित गाडी कशीबशी टक् म्हणत राहिली असती.

परतीच्या वाटेबद्दल मी आधी हुज्जत घातली. अर्थिंग, म्हणजे गाडीच्या धातूतून बॅटरीकडे जाणारी परतीची वाट, खराब असेल तर स्टार्टर कसा फिरतो? तो तर शंभरावर अँपिअर ओढतो. उत्तर सरळ निघालं. इंजिनापासून बॉडीपर्यंतचं अर्थिंग चांगलंच होतं. सोलेनॉइडपासून गिअरबॉक्सच्या धातूपर्यंतची इंचभर वाट वाईट होती. लोखंडी सोलेनॉइड ॲल्युमिनिअमच्या अंगावर बसवलेला. दोन वेगळे धातू आणि मधे खाऱ्या वाऱ्याचा ओलावा, म्हणजे आपोआप एक छोटी बॅटरीच, आणि त्यात झिजतं ॲल्युमिनिअम. स्क्रू काढले तर खाली पांढरी भुकटी, पावडरीच्या डब्याला ठोकल्यासारखी भुरभुर पडली. ही भुकटी वीज जाऊ देत नाही. पॉलिश पेपरने दोन्ही अंगं चकचकीत केली, व्हॅसलिन लावलं आणि सोलेनॉइडपासून गिअरबॉक्सच्या बोल्टला एक स्वतंत्र वायर दिली. १.६ चे ०.१ झाले.

येणाऱ्या वायरीची गोष्ट वेगळी. रिलेचे कॉन्टॅक्ट साफ केले, काही फरक नाही. जोड उघडला, थोडं हिरवं होतं, घासलं, थोडा फरक. मग तो मुलगा वायरीवरून बोटं फिरवत गेला, जसा वैद्य नाडीवर हात ठेवतो, आणि गिअरबॉक्सच्या कडेला एके ठिकाणी थांबला. वायर तिथे किंचित फुगली होती. "भायरसून बरी दिसता. आतसून कुजलेली आसतली." त्याने ब्लेडने वरचं कापडी आवरण आणि रबर उभं चिरलं. आत तांबं नव्हतंच जणू. काळी, ओलसर माती, आणि त्या मातीत दोन केसांएवढ्या तारा अजून चमकत होत्या. बाकीच्या बोट लावताच गळून पडल्या. मी ती वायर बॅटरीवर धरली असती तर मीटरने १२.४ च दाखवलं असतं. त्या दोन तारांच्या जोरावर.

मीठ तिथवर पोचलं कसं? बोटींच्या माणसाला हे विचारावं लागत नाही. जोडाच्या टोकाशी खारं पाणी टेकतं आणि बारीक तारांच्या फटींतून आतल्या आत चढत जातं, समईच्या वातीत तेल चढावं तसं. वरून आवरण कोरडं, आत हातभर कुजलेलं. आमच्या घरापासून समुद्र सरळ रेषेत अर्धा किलोमीटरही नाही. इथे खिडक्यांच्या बिजागऱ्या, शिलाई मशीनच्या सुया, सगळ्यांना वारा चाटतो.

आईला ती वायर दाखवली तर ती चटकन म्हणाली, "कळकलंय." तिच्या लहानपणी घरात पितळेची पातेली होती. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवलं तर ते हिरवट व्हायचं, कळकायचं, आणि मग सगळं ओतून द्यावं लागायचं. वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा, अंगणात भाता मांडायचा, नवसागराचा धूर निघायचा आणि पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. कथिल. तांब्या-पितळेच्या अंगावर कथिलाचा पातळ थर, एवढंच.

माझा विद्यार्थी हसला आणि पिशवीतून वायरीचं भेंडोळं काढलं. बोटींसाठी तो हीच वापरतो. टोक सोललं तर तारा रुपेरी. प्रत्येक केसाएवढी तार कथिलाचा मुलामा दिलेली. कल्हई केलेली वायर! अडीच स्क्वेअर एमएमची, रिलेपासून सोलेनॉइडपर्यंत एकसंध, मधे जोड नाही, दोन्ही टोकांना थिंबल दाबून, वर सोल्डर, वर गरम करून आवळणारी नळी. कापडी आवरणाची जुनी वायर दिसायला किती सुंदर होती, ती मी नाइलाजाने उतरवली. मूळ रूप जपायला हवं असं मानणारी मी आहे. पण त्या जागी, खाऱ्या वाऱ्यात, मला कल्हईचं जास्त पटलं.

एक काम राहिलं होतं, दांड्याची जुळणी. ओव्हरड्राइव्हच्या अंगावर एक छोटा लिव्हर आहे, त्याला भोक. सोलेनॉइड पुरता खेचला गेला की त्या भोकातून तीन सोळांश इंचाची सळी आरपार मागच्या भोकात बसली पाहिजे. बसली तर जुळणी बरोबर, दांडा शेवटपर्यंत जातो, कॉन्टॅक्ट उचलतो. बाबांकडे या सळीसाठी एक ड्रिल बिट राखून ठेवलेलं आहे, सुताराच्या पेन्सिलीने त्यावर "ओ.ड्रा." लिहिलेलं. ते बरोबर बसलं. मग अँमीटर मधे घालून बघितलं: काटा सतराच्या आसपास उडी मारून लगेच एकावर येऊन स्थिरावला. त्या काट्याची ती उडी आणि ते बसणं मी चार-पाच वेळा मुद्दाम पाहिलं.

"वाजलं का?" ओटीवरून.

"वाजलं, बाबा!"

"मला नाही ऐकू आलं." कान आता बरेच गेलेत त्यांचे. मी त्यांना हात धरून खाली आणलं, शेजारच्या सीटवर बसवलं, चपला काढायला लावल्या आणि अनवाणी पाय गाडीच्या फरशीवर टेकायला सांगितले. दांडी टाकली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं, आणि मान हलवली.

रविवारी पहाटे आम्ही निघालो. जामसंडे, तळेबाजार, शिरगाव, मग नांदगावला हायवे. शिरगावपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. हायवेवर लागल्यावर मी तिसऱ्या गिअरवर वेग घेतला, इंजिन गुरगुरायला लागलं आणि दांडी खाली केली. गुरगुर उतरली. व्हॅनगार्डने तो सुस्कारा टाकला. कणकवलीपर्यंत ती तशीच वाहत गेली, आणि बाबांचा हात सगळा वेळ डॅशबोर्डवर होता.

येताना तळेबाजारच्या अलीकडे, एका वळणावर, दोन्हीकडे गडगे, समोर एसटी. मागे जायची पाळी आमची होती. मी थांबले, दांडी वर केली. हॉर्न वाजला. बाबांनी चपला काढल्या, पाय फरशीवर टेकले, आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. पाचव्या बोटाला त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी रिव्हर्स टाकला.